अर्धं ऑफिस, अख्खा बाप

हरीओम पुण्याहून आला आणि परत जायचं नावच घेईना, तेव्हा मुन्नाला ते खुपायला लागलं.

पहिले आठ दिवस काही नव्हतं. पाहुणा म्हणून आलेला धाकटा भाऊ कोणाला जड होतो? कोंबडी कापली, गावातल्या चार जणांनी येऊन पुण्याचं विचारलं, झालं. पण मग हरीओमनं बैठकीशेजारच्या खोलीतली सोयाबीनची पोती बाहेर काढली. तिथं टेबल मांडलं, खिडकीत कूलर ठोकला, छपरावरून इंटरनेटची वायर आत घेतली आणि सांगून टाकलं, कंपनीनं नवीन नियम काढलाय. महिन्यातला एक आठवडा ऑफिसात यायचं, बाकीचे तीन घरून करायचं. त्याला हायब्रीड म्हणतात.

"हायब्रेट?" मुन्ना म्हणाला. "हायब्रेट ज्वारी पेरली आपुन. हायब्रेट नोकरी पयल्यांदाच पाहून राह्यलो."

त्यांचा बाप, म्हातारा पुंजाजी, हसला. पण मुन्नाच्या बोलण्यावर नाही, हरीओमच्या तोंडाकडं पाहून हसला. मुन्नाला ते दिसलं. जळणाऱ्या माणसाची नजर लई तेज असते, बाकी सगळं आंधळं झालं तरी.

या घराची एक वाटणी फार पूर्वीच झाली होती. कागद कोणी केला नव्हता, पण धनज गावातल्या कुत्र्यालाही ती माहीत होती. हरीओमला पुणं, मुन्नाला बाप. हरीओम शिकला, गेला, त्याला पगार मिळाला, पायात पांढरे बूट आले. मुन्ना राहिला. आई गेली तेव्हा तिला खांदा द्यायला मुन्ना होता, हरीओम तिसऱ्या दिवशी पोचला. बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वावरातली मोटर, लग्नाकार्याचा आहेर, सगळं मुन्नाकडं. त्यात त्याला कष्ट होते, पण रुबाबही होता. बाप चारचौघांत म्हणायचा, "आमच्या मुन्नाले इचारा." तेवढ्या एका वाक्यावर मुन्ना उन्हात दिवस काढायचा. भाऊ पगारात पुढं, आपण बापाजवळ, अशी बरोबरी त्यानं मनाशी जुळवून ठेवली होती.

आणि आता पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीला अक्कल सुचली, की माणसं घरी बसवली तर भाड्याचे दोन मजले सोडून देता येतात. त्यांचे मजले सुटले. ते ऑफिस येऊन पडलं कोणाच्या घरात? मुन्नाच्या. लाईट मुन्नाच्या घरची, चहा मुन्नाच्या बायकोचा आणि मीटिंग चालू असताना "आवाज करू नका" हे ऐकायचं मुन्नाच्या पोरांनी. घरातल्या थोरल्या भावाला काय वाटतं, हे विचारायचा रकाना कोणत्या कंपनीत असतो?

तेही त्यानं गिळलं असतं. पण बाप त्या खोलीत जाऊन बसायला लागला. सकाळी अंघोळ झाली की पुंजाजी धोतर सावरत आत जायचा आणि कूलरसमोर खुर्ची ओढून बसायचा. हरीओम कामातून मान काढून त्याला काहीबाही दाखवायचा, कधी जपानमधलं भाताचं यंत्र, कधी मीटिंगमधली गोरी माणसं. म्हातारा जेवताना सांगायचा, "हरीओमचा साहेब टकला हाय." जसं काही रोज त्याच्याच पंगतीला बसतो.

मुन्ना वावरातून यायचा तेव्हा दोघांचं हसणं अंगणात ऐकू यायचं. तो पाय धुवायचा, भाकर खायला बसायचा आणि अर्धी ताटात सोडून उठायचा.

"तुमी जळून राह्यले," राखी एकदा ताट उचलताना म्हणाली. बायको असली तरी तिला आडपडदा माहीत नव्हता.

"मी कायले जळू? माया भाऊ हाय थो."

"म्हून त जळून राह्यले. दुसऱ्याचा असता त झोप लागली असती तुमाले."

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जिथं जू बसतं, तिथं हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. हे काम कोणीही करत नाही. ज्यानं वर्षभर त्या बैलांमागं पाय तुडवले, तो करतो. या घरात ते मुन्ना करत आला होता. त्या सांजेला त्यानं बैल धुऊन आणले, गोठ्यात बांधले आणि हात पुसून तुपाची वाटी घ्यायला वळला, तर बाप म्हणाला,

"यंदा हरीओम मयन खांदे. किती वर्सांनी पोयाले घरी हाय लेकरू."

हरीओम नको नको म्हणाला. पण अर्ध्या तोंडानं. मग पँट वर दुमडून पुढं आला आणि बैलाच्या खांद्याला असं बोट लावायला लागला, जसं गरम तव्याला लावतात. बैल बिचकला. बाप खदखदा हसला आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून दाखवायला लागला.

मुन्नाला कित्येक वर्षांत बापाचा हात असा लागला नव्हता.

तो सरळ घरात निघून गेला. कूलर सुरू होता, टेबलावर लॅपटॉप उघडा, शेजारी हरीओमचा फोन चार्जिंगला. तेवढ्यात फोन वाजला. मुन्नानं उचलला.

"हरीओम? किती वेळ मेसेज करतेय मी," पलीकडून एक बाई बोलली. हरीओमची मॅनेजर. "तू ऑनलाईन दिसतोयस आणि उत्तर नाही."

"मी त्याचा मोठा भाऊ बोलतो, मॅडम. हरीओम बैलापाशी हाय."

"बैलापाशी? आत्ता?"

इथं मुन्ना म्हणू शकत होता, उद्या पोळा आहे, पाच मिनिटांत पाठवतो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण गोठ्यातून बापाचं हसणं पुन्हा ऐकू आलं.

"मॅडम, लय मेहनती पोरगं हाय आमचं," तो म्हणाला, अगदी भोळा आवाज काढून. "दिवसभर वावरातच राह्यते. कांप्युटर चालू करून देते न जाते. मले म्हन्ते, दादा तू बस, मी पाह्यतो बैलाचं."

"दिवसभर? रोज?"

"रोज."

धनजमध्ये कोणाबद्दल असं बोललं तर त्याला पोरगी द्यायला माणसं दारात उभी राहतील. पुण्यात त्याच वाक्यानं माणसाची नोकरी हालते. मुन्नाचं शिक्षण दहावीत थांबलं असलं तरी एवढं त्याला पक्कं कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो बोलला. फोन होता तसा ठेवून तो अंगणात आला आणि दुसऱ्या दिवशी पोळ्यात सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, पुरणपोळीही दाबून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी हरीओम खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. बाप खाटेवर होता, राखी गहू निवडत होती, मुन्ना फवारणीचा पंप धूत होता.

"घरून काम बंद," हरीओम म्हणाला. "एक तारखेपासून रोज आफिसात हजर व्हा म्हन्ते. मी दिवसभर वावरात राह्यतो, कांप्युटर नुसता चालू ठेवतो, असं त्यायले कळलं."

"वावरात?" पुंजाजी उठून बसला. "अरे, ह्यानं त वावराच्या धुऱ्याले पाय लावला नाई! कोनं सांगतलं असं?"

हरीओमनं मुन्नाकडं पाहिलं. "म्यानेजर म्हने, तुया मोठ्या भावानंच सांगतलं."

राखीचे हात सुपात थांबले. मुन्नानं पंप खाली ठेवला.

"हो. म्याच सांगतलं."

"काहून दादा?"

"काहून म्हन्ते!" मुन्नाचा आवाज फाटला. "तू गेला तवा मी राह्यलो. तुले पुनं भेटलं, मले हे घर भेटलं. मी काई म्हन्लं का कवा? न आता तू अर्धं तिथं, अर्धं हितं म्हन्ता म्हन्ता दोनीकडचं अख्खं घेऊन बसला! पगार तुया, कूलर तुया, बाप तुया, बैलाचे खांदेबी तुयेच! मंग माया काय राह्यलं रे?"

"न मले काय होतं तिथं?" हरीओमही चढला. "भाड्याच्या खोलीत एकटा जेवतो मी. फोन केला का बाबा म्हन्ते, थांब, मुन्ना आला, ठेवतो. मले वाटे, आपुन त हाये कोन ह्या घराचे!"

राखीनं सूप बाजूला सारलं, पण ती उठली नाही.

मग पुंजाजी बोलला. आवाज चढवला नाही त्यानं.

"मुन्ना, तू घरी होता बाप्पा. पन मायापाशी बसला कवा?"

"बसलो असतो त वावर कोनं केलं असतं, बाबा?"

राबणारं पोर बापाजवळ बसत नाही आणि बसणाऱ्या पोराचं कौतुक होतं, ही गोष्ट अन्यायाची आहे आणि घराघरात अशीच आहे. पण अन्याय कळला म्हणून म्हातारी माणसं आपलं ठरवलेलं सोडत नाहीत.

"मीबी जातो हरीओमसंगं," पुंजाजी म्हणाला. "मले पाहाचं हाय त्याचं आफिस."

हरीओम म्हणू शकला असता, बाबा, तुम्ही इथंच राहा, दादाला लागेल. तो नाही म्हणाला. त्याच्या डोळ्यांत जरासं समाधान चमकून गेलं, आणि तेही मुन्नाच्या नजरेतून सुटलं नाही.

निघायच्या दिवशी हरीओम सामान घेऊन पुढं गेला. बापाला मुन्नानं मोटरसायकलवर कामरगावच्या स्टँडवर नेलं. सगळ्या रस्त्यानं म्हातारा मागं बसून वावरातल्या कपाशीच्या पराटीकडं बघत होता. चूक झाली बाबा, थांबा, असं मुन्नाला म्हणायचं होतं. वाक्य जुळवता जुळवता निम्मा रस्ता गेला, आणि मग तो म्हणाला, "नीट बसा, समोर खड्डा हाय."

"बसलो," बाप म्हणाला.

स्टँडवर कारंज्याला जाणारी जीप भरत आली होती, हरीओम सामानासकट मागं बसला होता. मुन्नानं बापाला धरून पुढच्या सीटवर बसवलं, टोपी सरळ केली. हात काढावासा वाटेना.

"कवा येता मंग, बाबा?"

"आता मी काय सांगू?" पुंजाजी म्हणाला. बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच ठाऊक नव्हतं त्याला. "ह्याले सुट्टी भेटली का येईन. त्याच्या कंपनीले इचार."

जीप निघून गेली. मुन्ना तिथंच उभा. शेजारच्या टपरीवाल्यानं कपबश्या विसळता विसळता हाक मारली.

"कोन गेलं, मुन्नाभाऊ?"

"बाबा गेले. हरीओमबी."

"मंग आता घरी?"

"आता मीच," मुन्ना म्हणाला.