फोनला सांगितलेलं खोटं

आक्काचा जुना फोन तसा धडधाकट होता, पण एकेका अ‍ॅपने त्याच्याशी बोलणं टाकलं. आधी बँकेचं रुसलं, मग दुकानाच्या हजेरीचं. उघडायला गेलं की पाटी यायची, 'हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालणार नाही, अँड्रॉइडची नवी आवृत्ती घ्या.' ती नवी आवृत्ती त्या फोनच्या पोटात मावत नव्हती. आक्का चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचांचे नंबर तपासायचे, फ्रेम लोकांच्या नाकावर नीट बसवून द्यायची, हे तिचं काम. हजेरी लागेना म्हणून मालक रोज सकाळी तोंड वाकडं करायला लागला.

"नवा कशाला घेता?" भावजय म्हणाली. "माझा जुना फोन पडूनच आहे की. तो वापरा."

आक्काला जरा नवलच वाटलं. पन्नाशी ओलांडलेली, लग्न न झालेली ही थोरली बहीण धाकट्या भावाच्या घरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, आणि भावजयीने आपणहून काही हातात ठेवावं असं क्वचितच घडायचं.

फोन सुरू केला तर त्याने खातं मागितलं. आक्काला पासवर्ड आठवेना. 'विसरलात?' वर बोट ठेवलं तर कोड गेला तिच्या कधीच बंद पडलेल्या नंबरावर. पुन्हापुन्हा चुकीचा पासवर्ड टाकून शेवटी खात्यालाच टाळं लागलं.

"द्या इकडे," भावजय म्हणाली. "माझंच खातं घालून देते ह्यात. तेच राहू दे. घरातल्या घरात काय बिघडतंय?"

घरातल्या घरात. आक्कालाही ते पटलं.

दुकानाच्या शेजारी एक घड्याळजी बसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज हळू, बोटं लांब. आपल्या भिंगाची दांडी सैल झाली म्हणून तो एकदा आक्काकडे आला, मग पुन्हा आला, आणि मग दांडी सैल नसतानाही येऊ लागला. "बाई, बघा हो जरा," म्हणायचा आणि आक्का स्क्रू पिळेपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहायचा. एक दिवस त्याने स्वतःचा नंबर दिला. आक्काने तो 'घड्याळवाले' म्हणून साठवला आणि दिवसभर उगाच गुणगुणत राहिली.

अशा वेळी माणूस कुणाला तरी विचारतो. आक्काला विचारायला कोणी नव्हतं, म्हणून तिने फोनला विचारलं. खोलीचं दार लोटून ती एका बोटाने टाइप करायची. पन्नाशीनंतर लग्न केलं तर लोक हसतात का. पुरुषाच्या मनात काय आहे ते कसं ओळखावं. हनुवटीवरचे केस कायमचे कसे काढावेत. एका रविवारी तिने लिपस्टिक लावून स्वतःचे चार-सहा फोटो काढले, त्यातला एकही तिला आवडला नाही, तिने ते सगळे पुसले आणि तोंड धुतलं.

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर चमत्कारिक बोलणं सुरू झालं.

"हल्ली म्हणे हनुवटीवरचे केस मशीनने काढतात," भावजय पोळी तोडत म्हणाली. "वेदना होत नाहीत. फक्त वेळेवर जायला हवं. फार उशीर झाला की मशीनसुद्धा हात टेकतं."

आक्काचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. भावजयीने तो बघितला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

पुढच्या आठवड्यात भावजयीची बहीण आली. ती तर आडवळण घेणारी बाई नव्हतीच. "काय हो आक्का, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात की जुळवतात?" असं विचारून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दोघी बहिणी एकमेकींच्या अंगावर रेलून हसत होत्या. मध्येच एकीने फोन दुसरीच्या नाकासमोर धरला. "बघ ना, ओठ बघ! जखम झाल्यासारखे." आक्का पलीकडे भाजी निवडत होती. कुणाचे ओठ, कसली जखम, हे तिला कळलं नाही. भाऊही तिथेच होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून दमून आलेला, बायका हसताहेत म्हणून तोही हसला आणि झोपायला गेला.

घड्याळजी यायचा थांबला.

चार दिवस वाट पाहून आक्का स्वतःच त्याच्या टेबलाशी गेली. तो उघड्या घड्याळात वाकलेला होता. मान वर न करताच म्हणाला, "बाई, तुमच्या घरून फोन आला होता."

"माझ्या घरून? कोणाचा?"

"बाईमाणूस होतं. मागे आणखी कोणीतरी हसत होतं." त्याने चिमटा खाली ठेवला. "म्हणाल्या, आमच्या आक्का तुमच्यासाठी हनुवटी तासून घेताहेत, तारीख काढा लवकर. मला... मला असलं जमत नाही हो. मी साधा माणूस आहे. माझी मुलगी सासरी आहे, तिच्या कानावर गेलं तर? तुम्ही येऊ नका इकडे."

आक्काला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. पण भरल्या रस्त्यातून चालताना तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. त्याचा नंबर तिने कुठे लिहून ठेवला नव्हता, कुणाला दिला नव्हता. तो फक्त फोनमध्ये होता. आणि हनुवटी? ती तर फक्त फोनलाच माहीत होती.

ती तशीच कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात शिरली. दुकानदार कानात इअरफोनचे बोळे घालून काहीतरी बघत होता. त्याने कंटाळल्या चेहऱ्याने तिचा फोन घेतला, दोन-तीन वेळा अंगठा सरकवला आणि म्हणाला, "काकू, हे खातं कुणाचं?"

"भावजयीचं."

"मग तुम्ही इथे जे शोधता ते तिकडे दिसतं. फोटो काढला की तिकडे जातो. नंबर साठवला की तोही. तुम्ही इथून पुसेपर्यंत तिकडे बघून झालेलं असणार." त्याने फोन तिच्यासमोर धरला. "हे बघा, सगळं चालू आहे. काढून टाकू?"

आक्का पडद्याकडे बघत राहिली. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न तिथे एकाखाली एक उभा होता, चेष्टेला सोपवलेला. ते ओठ तिचे होते.

"काकू? काढू का?"

"नको," आक्का म्हणाली. "राहू दे."

त्या संध्याकाळी ती खोलीत बराच वेळ फोन मांडीवर घेऊन बसली. भावजयीला जाब विचारला तर ती हसेल, मग रडेल, मग भावाला मध्ये घेईल आणि शेवटी आक्कालाच माफी मागावी लागेल. हा खेळ तिने आधी पाहिला होता. तिने चष्मा पुसला, सर्चच्या चौकटीत बोट टेकवलं आणि एकेक अक्षर नीट बघत लिहिलं, 'भावाचं बाहेर दुसऱ्या बाईशी आहे हे त्याच्या बायकोला सांगावं का.'

आणि दिवा मालवून झोपली. झोप छान लागली.

सकाळी भावजयीने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. भाऊ "हे काय गं?" म्हणाला तर ती त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू तो आत्ताच दारातून आत आलेला कोणी परका आहे.

आक्काने घाई केली नाही. दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मग लिहिलं, 'लिफ्टच्या कामाचं निमित्त सांगून नवरा कुठे जातो हे वहिनीला कळलं तर.' वहिनी असा शब्द ती कधी वापरत नसे, तिने तो पुसला आणि भावजय लिहिलं. नंतर एकदा, 'पुरुष दुसरं मूल लपवून ठेवू शकतो का.' हे लिहिताना तिचं बोट थबकलं. भाऊ लहान असताना ती त्याला कडेवर घेऊन फिरली होती. तिने डोळे मिटले, घड्याळजीची खाली घातलेली मान आठवली आणि बोट दाबलं.

भावजयीची पंचाईत अशी होती, की तिला कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर कळलं कुठून, हे सांगावं लागलं असतं. ती नवऱ्याचे शर्ट हुंगायची. तो कामावर असताना तासातासाला फोन करायची. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये लटकत काम करणारा माणूस फोन कसा उचलणार? उचलला नाही की संध्याकाळी घरात भांडी आदळायची. बहिणीला तिने सांगितलंच असणार, कारण बहीण आता आली की हसत नव्हती, भावाकडे बघून नाक मुरडत होती.

"तुझं बिनसलंय काय?" भावाने विचारलं.

"ते तुलाच माहीत!"

शेवटी एक दिवस ती त्याच्या मागोमाग गेली. त्या दिवशी त्याचं काम होतं नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. आक्काला हे नंतर कळलं. भावजय थेट आत शिरली, तळमजल्यावर ग्रीस लागलेल्या हातांनी लिफ्टचं दार उघडत असलेल्या नवऱ्याची कॉलर धरली आणि जिन्यावर जमलेल्या मुलींना एकेक करून विचारत सुटली, "तू का? की तू?" व्यवस्थापक बाईंनी कंपनीला फोन केला. कंपनीने भावाला कामावरून काढलं नाही, पण लोकांच्या घरी आणि इमारतीत पाठवणं बंद केलं. गोदामात सुटे भाग मोजायला बसवलं.

आठवड्याभराने एका दुपारी भाऊ चष्म्याच्या दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. तो तपासणीच्या खुर्चीत बसला.

"आक्का, मी काय केलं गं?"

आक्काने समोरची काच पुसायला घेतली.

"तुझ्याशी काही बोलली का ती? तू घरात असतेस. मी आई शप्पथ सांगतो, कुणाकडे डोळा वर करून पाहिलं नाही मी. सगळी माणसं माझ्याकडे बघून हसतात. ती पोरं मला गोदामात काय म्हणतात माहितीये?" तो खुर्चीतून पुढे झुकला. "तू तरी विश्वास ठेवतेस ना?"

सांगायची हीच वेळ होती. दोन वाक्यं पुरली असती. आक्काच्या जिभेवर ती आलीही. पण तिच्या मनात आलं, हाही त्या दिवशी हसला होता.

"होईल सगळं नीट," ती म्हणाली आणि दुसरी काच पुसायला घेतली.

नीट काही झालं नाही. रविवारी स्वयंपाकघरात भावजय तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले.

"आक्का, ती कोण आहे ते सांगा."

"कोण?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? मी तुला काही बोलले का?"

आक्काने गॅस बारीक केला आणि वाट पाहिली. या क्षणाची चव ती किती दिवस घोळवत होती.

"मी वाचलं," भावजय शेवटी म्हणाली.

"काय वाचलंस? कुठे?"

"तुमच्या फोनवरचं. सगळं माझ्याकडे येतं."

"सगळं?" आक्का म्हणाली. "हनुवटीचंसुद्धा? फोटोसुद्धा? घड्याळजींना फोन तूच केलास ना? मागे हसत होती ती तुझी बहीण ना?"

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. दोघींनाही तो उशिरा दिसला. तो बायकोकडे बघत होता, मग आक्काकडे वळला. "काय लिहिलं होतंस तू फोनमध्ये?"

आक्काने सांगितलं. एकही शब्द न गाळता सांगितलं. मग म्हणाली, "सगळं खोटं आहे. एक अक्षरही खरं नाही. ही चोरून वाचते हे कळलं होतं मला, म्हणून लिहिलं."

तिला वाटलं होतं, आता भावजय कोसळेल, पाय धरेल. भावजय भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. ती दोघा भावंडांकडे आळीपाळीने बघत होती आणि बघता बघता तिच्या डोळ्यांत काहीतरी पक्कं होत गेलं.

"आता तुम्ही त्याला पाठीशी घालताय," ती म्हणाली.

"अगं, खोटं आहे ते!"

"माणसं माणसांशी खोटं बोलतात. एकटं असताना फोनशी कोण खोटं बोलतं? बहीणच शेवटी. भावाचं झाकणारच."

"अगं, मी शपथ घेते—"

"घ्या हो. त्यानेही घेतलीच की."

आक्काने भावाकडे पाहिलं. तो रागावला असता, त्याने हात उगारला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता, आणि लहानपणी पडल्यावर, रडायच्या आधी, तो जसा तिच्याकडे बघायचा तसा बघत होता.

"तिने तुझी थट्टा केली," तो म्हणाला. "तू माझा जीव घेतलास. आक्का, तू दुसरी जागा बघ."

जागा मिळाली ती एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एक खोली आणि बाहेर सामायिक नळ. कपाट पोचवायला भाऊच आला. ते त्याने एकट्याने पाठीवर घेऊन जिन्याने वर आणलं, भिंतीला लावलं, पायाखाली लाकडी तुकडा सारून ते डुगडुगणार नाही असं केलं. आक्काने पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही.

तो निघणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं, "हो," म्हणाला, "हो, तिच्याचकडे आहे," म्हणाला, आणि फोन कानावरून काढून आक्कासमोर धरला.

"फोटो मागतेय. कपाटाजवळ उभी राहा."

आक्का कपाटाजवळ उभी राहिली. त्याने फोटो काढला, पाठवला आणि पडद्याकडे बघत थांबला. पुन्हा फोन वाजला. पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. भावाने नुसती मान हलवली.

"म्हणते, हा फोटो आधीच काढून ठेवलेला असू शकतो." त्याने आक्काकडे न बघता पुन्हा फोन वर केला. "हात वर कर. तीन बोटं दाखव."

आक्काने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.