दाराखालचा पत्रा

काशीरामने ग्राइंडर बंद केला आणि कापलेला पत्रा पटाशीने उचकटला. आतून ओंजळभर गंज पडला, त्यामागून पुट्टीचे वाळके खपले आणि शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा चुरगळलेला तुकडा. जाळी त्याने लगेच ओळखली. गेल्या मे महिन्यात त्यानेच ती तिथे कोंबली होती.

व्हॅन प्रितमची. विक्रोळीतल्या चाळींमधली मुलं तो शाळेत सोडायचा. गाडी जुनी, आणि सरकत्या दाराखालचा पत्रा, ज्यावर पाय देऊन मुलं चढतात तोच, सडून चाळण झाला होता. सडकं कापून नवा पत्रा वेल्ड करतो, असं काशीरामने तेव्हा कबूल केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याला पुतणीच्या लग्नाला देवगडला निघायचं होतं. त्याने भोकांत जाळी भरली, वर पुट्टी ओढली, घासली, रंग मारला. "नवा पत्रा मारलाय," तो प्रितमला म्हणाला, "दहा वर्षं तिकडे बघू नको." लग्नाहून परत आला तोवर तो ते विसरूनही गेला होता.

परवा दुपारी सात वर्षांची दिशा व्हॅनमधून उतरत होती. तिचा पाय पत्र्यातून आरपार गेला आणि तसाच अडकून ती तोंडावर पडली. गंजलेल्या कडेने पोटरी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फाडली. सव्वीस टाके पडले. टाचेमागची शीरही तुटली होती. पोर चालेल, पण कशी चालेल ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आज सकाळी प्रितम गाडी घेऊन आला तेव्हा तो भांडायला आला नव्हता. "काशीकाका, दोन्ही बाजूचं काप. मी रोज धुतो ना गाडी, पाणी साचलं असणार आत. माझीच चूक." काशीरामने मान हलवली आणि ग्राइंडर लावला. आता प्रितम चहा आणायला गेला होता, तेवढ्यात त्याने जाळी उचलून भंगाराच्या पिंपात टाकली. वर पुट्टीचे खपले टाकले. मग नवा पत्रा बसवून, मास्क चढवून वेल्डिंग सुरू केलं. वेल्डिंगचा एकही टाका सरळ पडत नव्हता.

पुढच्या टोकाचे टाके मारून झाले, मागचं टोक अजून कापलेलं उघडं होतं, तेव्हा धोंडिराम आला. दिशाचा बाप. लोखंडाच्या गोदामात हमाली करणारा, मानेपासून खांद्यापर्यंत एकच दोरखंड असावा तसा माणूस. त्याने कुणाला काही विचारलं नाही. चहाचे ग्लास घेऊन आलेल्या प्रितमचे केस धरले आणि त्याचं तोंड व्हॅनच्या चौकटीवर आपटलं. ग्लास फुटले. त्याने पुन्हा आपटलं. प्रितमचं नाक एका बाजूला कललं, रक्त शर्टावर धारेने आलं.

"पोरगी रात्रभर वरडती," धोंडिराम हळूच म्हणाला. "हात लावू देत नाय पायाला."

त्याने प्रितमला फरपटत कापलेल्या कडेपाशी आणलं. भिंतीला टेकलेला पाइप उचलला, प्रितमचा पाय त्या दातेरी कडेवर दाबून धरला. "ठेव इथं. माझ्या पोरीनं ठेवला तसा ठेव." पत्रा पँटमधून नडगीत रुतला. प्रितम ओरडला नाही, नुसता हुंदके देत राहिला. "माझी चूक झाली, दादा. मी नीट बघायला पाहिजे होतं."

काशीराम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मास्क अजून डोक्यावर होता. त्याने तोंड उघडलं नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. हे त्याला नीट कळलं होतं, आणि पाइप वर गेला होता.

"थांब," तो म्हणाला. "त्याने काय नाय केलं. मी केलंय."

धोंडिरामचा हात वरच राहिला. काशीराम पिंपाकडे गेला, खपले बाजूला सारून जाळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "हे होतं आत. पत्रा मारलाच नव्हता मी. वरनं पुट्टी ओढलेली. त्याला खोटं सांगितलं."

आधी उठला तो प्रितम. नाकातून रक्त गळत होतं, एक पाय नीट टेकत नव्हता. "दहा वर्षं बघू नको म्हणालास," तो म्हणाला, आणि काशीरामच्या तोंडावर बुक्की घातली. पुढचे दोन दात आत वळले. तोल जाऊन काशीराम व्हॅनवर पडला, तळवा ताज्या टाक्यावर टेकला आणि मांस जळाल्याचा वास त्याच्याच नाकात गेला. हात सोडवतो न सोडवतो तोच पाइप बसला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज त्याने दुखण्याआधी ऐकला. मग तो खाली होता आणि बरगड्यांत लाथा बसत होत्या. कुठली कुणाची ते कळत नव्हतं. दोघांपैकी कुणी शिवी देत नव्हतं. शेजारच्या टायरवाल्याने आणि त्याच्या माणसांनी दोघांना ओढून बाजूला केलं, तेव्हा धोंडिराम पाइप टाकून गटाराच्या काठावर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला.

इस्पितळात जबाब घ्यायला हवालदार आले. वनमाला, काशीरामची बायको, खाटेशी उभी होती. तिने आधीच कानात सांगितलं होतं, पडलो म्हणून सांगा, नायतर तुम्हीच अडकशाल. पण काशीरामने जाळीपासून सगळं सांगितलं. पाइप कुणी मारला तेही सांगितलं, लाथाही. एकदा खरं सांगायचं तर त्यातलं थोडं वगळायला त्याला जमेना. तिघांवरही गुन्हा दाखल झाला. धोंडिरामला आणि प्रितमला त्याच संध्याकाळी आत घेतलं. काशीरामच्या खाटेपाशी शिपाई बसवला.

चौथ्या दिवशी काशीराम जामिनावर चाळीत परतला. खांदा बांधलेला, तळव्याला पट्टी, तोंड सुजलेलं. दुपारी दारात सोनूबाई आली, दिशाची आई. वनमालेने या म्हटलं, तरी ती उंबऱ्याबाहेरच राहिली.

"मी शिव्या द्यायला आलेली," ती म्हणाली. "पण तुमचं तोंड बघून आता देववत नाय." "माणूस माझा आत हाय. पोरीची पट्टी बदलायची हाय आज. तीन जिने उतरवायचं तिला, रिक्षापर्यंत न्यायचं. माझी पाठ धरलीय, मला एकटीला उचलवत नाय. कुणाला सांगू?"

काशीराम उठू लागला, आणि निम्म्यातच कळवळून बसला. उजवा हात तर कोपरापर्यंतही वर येत नव्हता.

"तुमी बसा," वनमाला म्हणाली. तिने गॅस बंद केला, पदर खोचला. नवऱ्याकडे न बघता चपला पायात सरकवल्या आणि सोनूबाईला विचारलं, "काखेत धरूचा, का पाठीवर? पाय लोंबकाळलो तर दुखात तिका."

"पाठीवर नको. आडवी घेतली की बरी ऱ्हाते."

"बरा. चला."

दोघी जिना उतरून गेल्या. काशीराम उघड्या दारासमोर बसून राहिला.