मामांच्या टाकीआडचा बुध

त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण कवळ्या बनवण्याचा धंदा असल्यामुळे सगळी गल्ली त्याला दातार म्हणायची. आयुष्यभर दात ओळीने बसवलेल्या माणसाला ओळीतली फट सहन होत नाही. सगळे ग्रह एकाच संध्याकाळी दिसणार, असं वर्तमानपत्रात वाचल्यापासून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. दुर्बीण आणली, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे ओलेच गुंडाळून खाली नेले आणि बायकोला पूर्व-पश्चिम नव्याने समजावली.

सूर्य मावळला आणि शुक्राने हजेरी लावली. मग डोक्यावर गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ, पश्चिमेला शनी. दुर्बिणीतून दोन फिकट ठिपके सापडले. ते युरेनस आणि नेपच्यूनच, असं त्याने ठरवून टाकलं. राहिला बुध. तो नेमका शेजारच्या घराच्या पाण्याच्या टाकीआड होता, आणि शेजारचं घर बायकोच्या मामांचं.

मामांशी त्याचा वर्षभर अबोला होता. त्याने त्यांना हौसेने कवळी करून दिली होती. मामांनी ती चारचौघांत जेवताना काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, की जावईबापू, ही माझ्याआधी बोलायला लागते, तुम्हीच सांभाळा.

दातार खुर्चीवर चढला, मग कठड्यावर चढला. टाकी काही हटेना.

"बुध काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" बायको म्हणाली. "जा की पलीकडे. मामाच आहेत, वाघ नाहीत."

मामा गच्चीवरच होते. तेच वर्तमानपत्र त्यांच्याकडेही येत असे. तोंडात दात नसल्यामुळे शुक्र आणि शनी नुसती हवा होऊन बाहेर पडत होते, पण रुबाब कायम होता. त्यांनी बुधाकडे बोट दाखवलं, ते आपल्या मालकीची वस्तू दाखवावी तसं.

"बुध माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही ती वरची खोली चढवलीत ना, तिच्यामागे माझा मंगळ गेलाय."

दातारने मागे वळून पाहिलं. मंगळ खरंच गेला होता. मामांनी तोडगा सुचवला, की थोडा वेळ गच्च्या बदलू. दातार म्हणाला, तसं चालणार नाही, सगळे एकदम दिसले पाहिजेत. मग दोघांची नजर एकाच वेळी टाकीवर गेली.

बायको धावत आली, दोघांनाही यथायोग्य बोलली आणि शिडी धरून उभी राहिली. वर टाकीचं झाकण मधे फुगीर, त्यामुळे दोघं एकमेकांचे सदरे घट्ट धरून उभे. हजेरी सुरू झाली. बुध आहे, शनी आहे, मंगळ आहे. दातारच्या गळ्यातली दुर्बीण आळीपाळीने डोळ्यांना लावताना नेपच्यूनपाशी गाडी अडली. मामांच्या मते तो शेजारचा ठिपका होता. वाद रंगला, शेवटी वयाचा मान म्हणून दातारने मामांचा नेपच्यून पत्करला, तर तेवढ्यात बुध घरांमागे बुडालेला. भांडताना तो डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होता, तेव्हा सगळे एकदम दिसलेच, असं दातारने मांडलं. मामांनी ते ताबडतोब मान्य केलं.

उतरायची वेळ आली आणि मामांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. बायको शेजाऱ्यांना बोलवायला गेली. वर दोघंच. दातारने विचारलं, कवळी नेमकी कुठे सैल पडत होती. मामांनी आ वासला. शेजारी आले तेव्हा मोबाइलचा उजेड पाडून दातार त्यांच्या हिरड्या तपासत होता.

मामांना कपाट उतरवावं तसं उतरवलं. जेवण मामांकडेच झालं, आणि बुध कसा लखलखीत होता ते दोघांनी बायकोला आळीपाळीने सांगितलं. शिडी धरण्याच्या नादात तिला एकही ग्रह दिसला नव्हता.

"उद्या मी चढणार," ती म्हणाली. "आणि खाली तुम्ही दोघांनी उभं राहायचं, न बोलता."