मागचं दार

प्रयोगशाळेच्या नव्या नकाशात पौर्णिमा मॅडमनी भांडून दोन दारं ठेवायला लावली होती. सुट्टी संपवून येऊन बघतात तर मागचं दार विटांनी बुजवलेलं आणि तिथं ॲसिडच्या बाटल्यांचं काचेचं कपाट, थेट छतापर्यंत!

त्या तशाच मुख्याध्यापकांकडं धावल्या. "सर, पाया पडते, उद्याचं उद्घाटन पुढं ढकला. भूकंपात गेलेलं सास्तूर इथनं हाकेच्या अंतरावर आहे. जमीन हलली, ते कपाट फुटलं, तर पोरं कुठनं बाहेर पडतील?"

"त्या भूकंपाला जमाना झाला, मॅडम," सिद्रामप्पा सर म्हणाले. "कपाटाला जागा नको? लई मनावर घेता तुम्ही."

त्र्याण्णवला सर स्वतः ढिगाऱ्यातनं निघालेले. आई आणि भाऊ निघाले नाहीत. अशा माणसाला आणखी काय सांगायचं, कपाळ? मॅडमना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी फीत कापली, पोरं आत दाटीवाटीनं बसली. सरांची खुर्ची पाहुण्यांच्या मधोमध मांडली होती. सरांनी ती उचलली, उरलेल्या एकुलत्या दारात नेऊन ठेवली आणि त्र्याण्णवपासूनच्या सवयीनं पाय बाहेर सोडून बसले.

पोरांना आता तेवढीही वाट उरली नाही.