घोंगडीतल्या गारा

कड्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. मुलूख निजामाचा. सरकारनं वाडीत पहिलीच शाळा काढली ती मारुतीच्या पडवीत, आणि मास्तर म्हणून आले उत्तरेश्वर. वय अवघं बावीस. औरंगाबादेहून येताना त्यांनी पेटीत धोतरांच्या घड्यांमधे एक वस्तू जिवापाड जपून आणली होती. लाकडी पट्टीवर बसवलेली काचेची नळी, आत पारा. हवा किती तापली ते ती आकड्यात सांगायची. शाळेतली सतरा पोरं तिला नुसती 'नळी' म्हणत.

चैत्रातल्या एका सकाळी मास्तरांनी विचारलं, "घोंगडी पांघरली की ऊब कशानं येते?"

"घोंगडीतच ऊब असती," सिदू म्हणाला. तो धनगराचा पोरगा, बायनाबाईचा नातू. घोंगडीच्या बाबतीत त्याचा शब्द वर्गात शेवटचा मानला जाई.

"मग मोजू या."

सिदूनं पळत जाऊन घरची काळी घोंगडी आणली. मास्तरांनी आधी खांबाला टांगलेल्या नळीतला पारा सगळ्यांना दाखवला. फॅरनहाइटच्या मापानं ब्याऐंशी. मग तीच नळी घोंगडीत गुंडाळून ठेवली आणि पोरांकडून पाढे म्हणून घेतले. पाढे संपल्यावर सोडून पाहिलं तर पारा होता तिथंच, ब्याऐंशीवर.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. राधाकिशन सगळ्यांत धीट. तो हळूच म्हणाला, "मास्तर, तुमची नळी बिघडली वाटतं."

मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी समजावून सांगितलं, की ऊब आपल्या अंगाची असते, घोंगडी तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर. पोरांनी माना डोलावल्या. सुट्टी लवकर व्हावी म्हणून पोरं डोलावतात तशा.

संध्याकाळी बायनाबाई पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, उन्हानं रापलेली, ताठ कण्याची बाई.

"मास्तर, माझ्या घोंगडीत ऊब न्हाई म्हून सांगितलं तुमी?"

"तसं नाही, आजी. ऊब अंगाची असते आणि..."

"चाळीस साल मी लोकर कातली. ऊब न्हाई तर मग कातलं काय मी?"

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं सुनेच्या हातून मास्तरांना रोजच्यासारखं ताकही पाठवलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी आभाळ काळवंडलं आणि गारा कोसळल्या. सुगी उरकली होती, रानं मोकळी होती, म्हणून कुणाचं फार बिघडलं नाही. गारांचा जोर ओसरला तशी पोरं अंगणात धावली. सिदू तर कुणी अडवायच्या आतच भिजून चिंब. मास्तरांच्या डोक्यात एकदम एक कल्पना आली. त्यांनी दोन मोठी पातेली भरून गारा वेचून घेतल्या. एक पातेलं उघडंच ठेवलं. दुसऱ्यातल्या गारा भुशात घालून वरून स्वतःची घोंगडी घट्ट आवळून बांधली.

"घोंगडीतल्या आधी वितळतील," राधाकिशन म्हणाला. "गरम हाय ना ती."

सगळ्यांचं तेच मत पडलं.

सकाळी उघड्या पातेल्यात नुसतं पाणी होतं. घोंगडी सोडली, भुसा बाजूला सारला, तर आत बोराएवढ्या गारा चकाकत होत्या. पोरांनी एकच गिल्ला केला. फक्त सिदू नव्हता. त्याला ताप भरला होता.

मास्तर उरलेल्या गारा पोटलीत घेऊन बायनाबाईच्या घरी गेले. मागं सगळी शाळा. कोपऱ्यात सिदू दोन घोंगड्यांखाली पडला होता, तोंड लालबुंद, शेजारी निखाऱ्यांची शेगडी. बायनाबाई घोंगडीची टोकं त्याच्या पाठीखाली खोचत होती.

"आजी, वरच्या घोंगड्या काढा," मास्तर म्हणाले.

"का म्हून? तापाला घाम फुटला पायजे."

"त्याच्या अंगातली आग बाहेर जायला वाट नाही."

तिनं ऐकलं नाही. तेव्हा राधाकिशननं पोटली तिच्या पुढ्यात सोडली. "आजी, कालच्या गारा हायेत या. घोंगडीत ठिवल्या व्हत्या. हात लावून बघ."

बायनाबाईनं मुठीत गारा घेतल्या. हात बधिर होईपर्यंत धरून ठेवल्या. मग नातवाच्या कपाळावर दुसरा हात ठेवला. मास्तरांना वाटलं आता ही आपल्याला घालवून देते.

"गार आत गेलं तर गारच ऱ्हातंय," ती स्वतःशीच पुटपुटली, "आन् ताप आत गेला तर..."

तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही घोंगड्या ओढून काढल्या, सुनेला शेगडी बाहेर न्यायला सांगितली. गारांच्या पाण्यात धडपा भिजवून ती कपाळावर घड्या ठेवू लागली. मास्तर भिंतीला टेकून बसून राहिले. आपल्या बोलण्यावर एका लेकराचा जीव तोलला जातोय हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. दिवस कलता कलता सिदूनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली.

आठवड्यानं सिदू शाळेत आला, बरोबर बायनाबाई. हातात ताकाचा तांब्या.

"मास्तर, एक इचारू? उन्हाळ्याच्या तोंडाला आमी मेंढरं कातरतो. न्हाई कातरली तर ती धापा टाकत्यात. ते बी याच्यापायीच का?"

मास्तर चमकले. हे त्यांनी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

"हो आजी. अगदी त्याच्यापायीच."

"मला ठाव व्हतं मग," ती म्हणाली. "लई सालापासून ठाव व्हतं. बोलता येत नव्हतं एवढंच."

"ते तुम्हीच सांगा पोरांना," मास्तर उठले आणि आपली बसायची घडवंची त्यांनी पुढं सरकवली. "मला तेवढं नाही जमायचं."

ती आधी लाजली. पदर सावरला, घडवंचीच्या कडेला बसली. मास्तर राधाकिशनशेजारी मांडी घालून बसले.

"बरं," बायनाबाई पोरांकडे बघत म्हणाली, "मला आधी सांगा, भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडी का म्हून घालत्यात?"

सतरा हात वर झाले.