लोखंड बाटत नाही

मी एक जुना लोखंडी गळ आहे आणि माझ्या हातून एक बाई मेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. असली गोष्ट मागे ठेवायची आणि बाकीचं गोड गोड सांगत बसायचं, हे मला जमत नाही.

मासे धरतात तो बारका गळ मी नव्हे. विहिरीत बादली पडते, दोर तुटून हंडा तळाला जातो, तो वर काढायचा गळ मी. मधे दांडा, वर कडी, खाली चार वाकडी नखं. माझं लोखंड चांदवडच्या घाटात उलटलेल्या एका ट्रकचं. त्याच्या कमानपाट्याचा तुकडा लोहारानं तापवला, ठोकला आणि मला आकार दिला. मला विकत घेतलं खलीलच्या बापानं. चांदवडपासून तीन कोस आत त्यांचं गाव. बाप गेल्यावर मी खलीलचा झालो.

खलील विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. विहिरीत उतरून मोटारीच्या पाइपाच्या बुडाला फूटव्हॉल्व्ह बसवायचा, पाणी ओढून धरणारी झडप ती. पंचक्रोशीतली एक विहीर नसेल जिच्या तळाला त्याचा पाय लागला नाही. एक सोडून, ती पुढे येईल. त्यानं मला सुताचा जाड दोर बांधला होता, दर हातावर एक गाठ घातलेला. गाठी मोजल्या की पाणी किती खोल ते कळायचं, आणि ओल्या हातातून दोर सटकायचा नाही.

माझे चांगले दिवस होते ते. रोज कोणीतरी दारात यायचं. "जहिदाभाभी, गळ द्या हो, सासूची कळशी पडली. ती वर नाय आली तर मला खाली ढकलील." जहिदा म्हणजे खलीलची बायको. ती हसून मला द्यायची. मी सगळ्यांच्या विहिरीत गेलो. मंदिरवाल्यांच्या, मशिदीवाल्यांच्या, कशालाच न जाणाऱ्यांच्या. तळाशी असताना मला वरचा माणूस दिसत नाही. टिळा दिसत नाही, टोपी दिसत नाही. दोरातून फक्त हात कळतो. घाईचा हात, कंजूष हात, भित्रा हात. त्यामुळे गाव ज्याला मोठा म्हणायचं त्याला मी मोठा म्हणेनच असं नव्हतं.

गावानं दोन माणसांना धर्मातलं मोठं ठरवलं होतं.

एक गोटीराम अण्णा. मारुती मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. कांदा-लसूण शिवत नाहीत म्हणून बाया त्यांच्या पाया पडायच्या. अण्णांचा वीस एकर कांदा होता. खात नव्हते, पण बंगला कांद्यावरच बांधला होता.

दुसरे हाजीसाहेब. दोनदा हजला जाऊन आलेले. खलील दुपारच्या नमाजाला दिसत नाही, याचा त्यांना फार त्रास. एकदा चारचौघांत म्हणाले, "खलील तो सिर्फ ईद का मुसलमान है."

खलील म्हणाला, "दुपार को मैं किसी के कुवे में रहता, हाजीसाब. नीचे अजान नहीं आती."

लोक हसले. हाजीसाहेब हसले नाहीत.

आता ती विहीर. मारुतीच्या आवारात, कमरेएवढ्या भिंतीच्या आत. उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या तरी तिला पाणी असायचं. काठावर ट्रस्टचा बोर्ड होता: विहिरीत पोहण्यास व हातपाय धुण्यास सक्त मनाई. बोर्डावर न लिहिलेलेही नियम होते. मुसलमानानं आवारात यायचं नाही. तिथला फूटव्हॉल्व्ह बसवायला ट्रस्ट लांबून दुसरा माणूस आणायचा. आणि सुरगाण्याकडून कांदे काढायला येणाऱ्या डोंगरच्या मजुरांनी पाणी स्वतः शेंदायचं नाही. सकाळ-संध्याकाळ अक्काबाई शेंदणार आणि त्यांच्या हंड्यात वरून ओतणार. अक्काबाई म्हणजे आवार झाडणारी म्हातारी विधवा. तोंडानं तिखट, हातानं मऊ.

पंच्याण्णव सालच्या चैत्रातली गोष्ट. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशीची दुपार. आवारात उद्याच्या महाप्रसादाचा गहू निवडणं चाललं होतं. चांगुणा नावाची बाई हंडा घेऊन भिंतीपाशी आली. ती आणि तिचा नवरा पुंजा गोटीराम अण्णांच्याच वावरात कांदे काढत होते. शेताच्या बांधावर त्यांची चार वर्षांची पोर तहानेनं रडत होती. अक्काबाईचा डोळा लागला होता, बाकीचे गव्हात गुंतले होते. चांगुणा थोडा वेळ थांबली. मग आत आली आणि स्वतः पाणी शेंदायला लागली. काठाचा दगड शेवाळलेला. ती हंड्यासकट खाली गेली.

मरायला नव्हती गेली, मित्रांनो. ऐका नीट. पाण्यात पडल्यावर तिच्या हाताला मोटारीचा लोखंडी पाइप लागला. तो तिनं धरला. तोंड पाण्याच्या वर होतं आणि ती ओरडत होती. वेळ होता. भरपूर वेळ होता.

काठावर माणसं जमली. पहिला प्रश्न आला, "कोण हाय?" दुसरा आला, "कोणाची हाय?" अक्काबाई म्हणाली, "अण्णा, तुमच्याच कांद्यातली हाय. उतरवा कुणाला तरी."

तिथे दत्तू होता. तरणा, अण्णांचा पुतण्या, पट्टीचा पोहणारा. त्यानं सदऱ्याला हात घातला आणि अण्णांकडे बघितलं. अण्णांनी बोर्डाकडे बघितलं. म्हणाले, "उद्याच्या अभिषेकाचं पाणी हाय हे. अंग नको बुडवू. खलीलकडून गळ आण."

दत्तू पळत आला. खलीलनं खुंटीवरून मला काढलं, पण दिलं नाही. "गळ भांड्यासाठी असतो, दत्तू. माणसाला टोचतो तो. चल, मीच येतो."

दोघं धावले. आवाराच्या फाटकाशी अण्णांनी हात आडवा केला.

"खलील, तू बाहेर थांब. गळ दे आत."

"अण्णा, मी रोज विहिरीत उतरतो. दोन मिनिटांचं काम हाय."

"तू भिंतीपल्याडून सांग, आमी टाकतो."

एक म्हातारा म्हणाला, "पण अण्णा, गळ तरी त्याच्याच घरचा."

तेव्हा अण्णांनी निवाडा दिला. शांतपणे, एखादा अभंग समजावून सांगावा तसा. "लोखंड बाटत नाही. सूत बाटतं. दोर काढा आणि आपला मंदिराचा बांधा."

मित्रांनो, माझं लोखंड बाटत नाही हे मला त्या दिवशी कळलं. खाली बाई ओरडत होती आणि वर चार माणसं उकिडवी बसून माझ्या कडीतली गाठ सोडत होती. वर्षानुवर्षं भिजून ती गाठ दगडासारखी झाली होती. सुटेना. कोणीतरी विळा आणायला गेलं. विळा आला, दोर कापला. मग मंदिराचा दोर आणला. नवाकोरा, नायलॉनचा, गुळगुळीत, एकही गाठ नसलेला.

भिंतीपलीकडून खलीलचा आवाज येत होता. "अरे तो सटकतो. त्याला गाठी मारा आधी. ऐका ना."

अक्काबाई अण्णांपुढे जाऊन उभी राहिली. "त्याला येऊ द्या आत. मी सगळं देऊळ शेणानं सारवीन. उद्याच्या आत सारवीन. येऊ द्या त्याला."

अण्णा म्हणाले, "अक्काबाई, बाजूला व्हा."

एवढ्यात हाजीसाहेब आले. त्यांनी खलीलचा दंड धरला. "खलील, घर चल. बाई मेली तर नाव आपल्यावर येईल. तेरे एक के वास्ते सब भुगतेंगे."

आणि खलील थांबला. मी त्याच्या घरचा आहे, तरी हे लपवणार नाही. ती भिंत कमरेएवढी होती. तो थांबला.

मला खाली सोडलं. चांगुणानं वर बघितलं. मी तिला येताना दिसलो. माणसांनी काहीतरी पाठवलंय, आता ओढून घेतील, असं तिला वाटलं असणार. तिनं पाइप सोडला आणि दोन्ही हातांनी मला धरलं. माझं एक नख तिच्या तळहातात रुतलं. तरी तिनं सोडलं नाही. वर दत्तूनं ओढलं. ती पाण्याबाहेर कमरेपर्यंत आली. दत्तूचे हात घामानं ओले होते आणि दोर गुळगुळीत होता. तो त्याच्या मुठीतून सर्रकन निघाला.

पडताना तिचं डोकं पाइपाच्या जोडावर आपटलं. मग ओरडणं थांबलं.

तेव्हा खलीलनं हाजीसाहेबांचा हात झटकला, भिंत ओलांडली आणि उडी घेतली. कोणी अडवलं नाही. तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा ती सापडली, तिच्या हातात रुतलेला मीही. अक्काबाईनं तोच कापलेला, बाटलेला, गाठीगाठीचा दोर आत फेकला. खलीलनं तो तिच्या काखेतून बांधला. वर ओढताना तो एकदाही सटकला नाही. पण वर आली ती मेलेली चांगुणा.

वावरातून पुंजा धावत आला. हाताला ओली माती होती. तिच्याशेजारी बसला आणि तिच्या तळहातातलं भोक बघत राहिला.

संध्याकाळी हवालदार पंचनाम्याला आला. "पाय घसरून पडली" एवढं लिहून झालं. मग त्यानं पुंजाला विचारलं, "जात-धर्म काय लिहू?"

पुंजा म्हणाला, "लिव्हा कायबी. आमी डोंगरचे."

"हिंदू लिहितो."

गोटीराम अण्णांनी सुस्कारा सोडला. "अरेरे. म्हणजे आपलीच होती."

अक्काबाई तिथेच बसली होती. म्हणाली, "मग आता रडा, अण्णा. आता चालंल."

त्याच दिवशी हाजीसाहेब खलीलच्या दारात आले. "मंदिर के पानी में उतरा. पराई औरत को हात लगाया. तौबा कर."

खलील ओल्या कपड्यांत भिंतीला टेकून बसला होता. जहिदा बोलली. "तुमने इनका हात नहीं पकड़ा होता हाजीसाब, तो ये जिंदा बाई को हात लगाते."

हाजीसाहेब चपला घालून निघून गेले.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही. विहीर शुद्ध करायची म्हणून सगळं पाणी उपसायला मोटार लावली, तर मोटार पाणी धरेना. फूटव्हॉल्व्हमध्ये काहीतरी अडकलं होतं. लांबचा माणूस मयत झालेल्या विहिरीत उतरायला तयार होईना. तिसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप खलीलला आला. खलील फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"आज चालतं का, अण्णा?"

अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "आज विहीर बाटलेलीच हाय. शुद्धी परवा. उतर तू."

खलील उतरला. व्हॉल्व्हमधून साडीचा फाटका काठ निघाला. तो काढल्यावर त्यानं मला मागवलं, त्याच्याच दोराला बांधून, आणि तळातला हंडा माझ्यात अडकवून वर पाठवला. तो हंडा त्यानं पुंजाला नेऊन दिला. पुंजा पोरीला खांद्यावर आणि हंडा हातात घेऊन अर्धे कांदे सोडून सुरगाण्याकडे निघून गेला. ठरल्या दिवशी शुद्धी झाली. अण्णांनी स्वखर्चानं केली, आणि गावानं त्यांचं मोठेपण सांगितलं.

त्यानंतर खलीलनं मला कोणाला दिलं नाही. बाया दारात यायच्या, जहिदा म्हणायची, "गळ मोडला." मी मोडलो नव्हतो. पत्र्यावर फेकून दिलेला होतो, उन्हात, पावसात. दोन हजार दोनला गावात नळ आला आणि मला विचारायलाही कोणी येईना. दत्तू अजून मंदिरात जातो. आरती म्हणतो. विहिरीकडे पाठ करून उभा राहतो, असं अक्काबाई मरेपर्यंत सांगायची. अण्णांच्या नावाची कमान उभी आहे. हाजीसाहेबांनी तिसरी हज केली. मी वाईट ते सांगतोय म्हणून खोटं समजू नका. त्यांच्या पूजेत आणि नमाजात एक अक्षर चुकत नव्हतं. विहिरीच्या काठावर मात्र दोघांनीही बुडणारीचा हात धरायचा सोडून उतरणाऱ्याचा धरला.

दोन हजार चार साली पुंजा पुन्हा कांद्याला आला. वेगळ्या शेतकऱ्याकडे. खलीलकडे चहाला बसला. त्याची पोर आता मोठी झाली होती, दारातच उभी होती.

खलीलनं हळूच विचारलं, "हिला सांगितलं का?"

पुंजा म्हणाला, "काय सांगू? पाय घसरला म्हनून सांगितलं."

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझा गंज काढा असं मी म्हणणार नाही. मला राहू द्या पत्र्यावर. एवढंच करा. तुमच्या डोळ्यांदेखत कोणी बुडत असेल आणि भिंतीबाहेर पोहणारा उभा असेल, तर आधी त्याला आत घ्या. नाव नंतर विचारा. आणि तुम्हीच भिंतीबाहेर असाल, तर कोणी बोलवायची वाट बघू नका. दंड धरणारा हात आधी झटका, नंतर नाही.

त्या पोरीला तिच्या आईचं खरं कोणी सांगितलेलं नाही. पंचनाम्यात पाय घसरला असंच लिहिलंय. ते मला खोडता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.