अडगळीची खोली रिकामी झाली तेव्हा

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेणं हे तिचं काम. पत्ता विचारायचा, गाडी पाठवायची आणि गाडी पोचेपर्यंत पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला धीर देत राहायचं. कितीही बाका प्रसंग असो, तिचा आवाज कधी चढायचा नाही. ऑफिसात सगळे तिला ‘बर्फ’ म्हणायचे.

एका दुपारी एका बाईचा फोन आला. तिचा नवरा जिन्यात कोसळला होता. छाती कशी दाबायची ते हिने सांगितलं, बाई मोजत मोजत दाबत राहिली, गाडीही वेळेत पोचली. पण माणूस वाचला नाही. चूक कुणाचीच नव्हती. तरी त्यानंतर फोन वाजला की हिचे हात गार पडायचे. डॉक्टरांनी रजा घ्यायला लावली. म्हणाले, “रोज थोडी आसनं करा, डोळे मिटून शांत बसा. घरात त्यासाठी एक जागाच ठरवून टाका.”

घरात मोकळी करता येईल अशी एकच जागा होती, अडगळीची खोली. नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. सुटीच्या दिवशी बाह्या सरसावून तो दारात उभा राहिला आणि आतला ढीग बघून म्हणाला, “तुझ्या ध्यानासाठी आधी मला तप करावं लागणार.”

सासूबाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचा मुक्काम खुर्चीतच असे. ती खुर्ची पॅसेजमध्ये ठेवून त्या बाहेर येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा निकाल लावत होत्या.

“पंखा राहू दे. लागेल कधीतरी.”

“आई, याला पातीच नाहीत.”

“पाती मिळाली तर?”

पंखा गेला, बंद न होणाऱ्या बॅगा गेल्या, बुरशी धरलेली गादी गेली. खिडकी रंगाच्या थरांनी चिकटून बसली होती. नवऱ्याने कडेकडेने रंग खरवडला, खांदा लावला, आणि ती धाडकन उघडली. खोलीत ऊन आलं. भिंतींना फिकट पिवळा रंग लागला. सासूबाईंनी जुन्या पडद्यांची जाड बैठक शिवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार लावून घेतलं. आसनं झाली. मग ती बैठकीवर बसली आणि डोळे मिटले. त्या शांततेत तिला ऐकू आला तो त्या बाईचा आवाज. एक, दोन, तीन, चार... ती धडपडत उठून बाहेर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने बैठक गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

“सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली,” ती सासूबाईंना म्हणाली. “खोली छान झालीय. माझंच काहीतरी बिघडलंय.”

सासूबाई भिंतीला धरून उठल्या आणि आपली खुर्ची सरकवत सरकवत त्या खोलीत घेऊन गेल्या.

“मला खुर्चीत बसून करता येईल असं काहीतरी शिकव.”

“मला कुठे शिकवता येतं, आई?”

“फोनवर परक्यांना सांगतेस. मी तर घरातली आहे.”

ती नाइलाजाने समोर बसली. “पाय जमिनीवर टेकवा. खांदे सैल सोडा. नाकाने सावकाश श्वास घ्या. घाई नाही, मी आहे इथे.”

आणि ती थबकली. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचा तो आवाज ऐकू आला होता. मग तो फुटला. जिना, ती बाई, ते मोजणं, सगळं तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तिचं रडणं ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुझे सासरे गेले तेव्हा मी घरात एकटी होते. काय करावं हे सांगायलाही कुणी नव्हतं. त्या बाईजवळ तू होतीस. हे मला ठाऊक आहे म्हणून सांगते, त्याने फरक पडतो.”

ती डोळे पुसत राहिली.

“पुढचं सांग आता,” सासूबाई म्हणाल्या. “श्वास कधीचा धरून बसलेय. सोडायचाय की नाही?”

तिला हसू आलं. रडत रडतच ती हसली.

त्यानंतर रोज सकाळी दोघी त्या खोलीत बसू लागल्या. मोजण्याचा आवाज अधूनमधून येई, पण आता तो तिला खोलीबाहेर हाकलत नसे. ती बसून राही, आणि थोड्या वेळाने तो विरून जाई. नवराही एकदा ध्यानाला आला आणि बसल्या बसल्या घोरू लागला.

रजा संपली. कामावरचा पहिलाच फोन एका आजोबांचा होता. बायको बाथरूममध्ये पडून बेशुद्ध झाली होती. हिचे हात गार पडले. तिने पाय जमिनीवर टेकवले, एक श्वास घेतला आणि पत्ता विचारला. गाडी पोचेपर्यंत ती आजोबांशी बोलत राहिली. तोवर आजी शुद्धीवर येऊन आजोबांवरच खेकसायला लागल्या होत्या.

संध्याकाळी घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी लगेच विषय बदलला.

“उद्यापासून शेजारच्या काकूही येणार आहेत. त्यांची कंबर धरलीय. मी हो म्हणून बसलेय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू विचार करत बसली असतीस.”

ती खोलीच्या दारात गेली आणि काकूंची खुर्ची कुठे मावेल ते बघू लागली.